मे महिन्याच्या लग्नात नवरीचा बुके, कोटाची फुलं आणि मनगटाचे गजरे घरीच बांधायचे असतील तर

बुके बांधणं अवघड नाही. दोन-तीनदा हात बसला की वीस मिनिटांत होतो. अवघड आहे ते मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पारा 42 च्या पुढं गेलेला असताना, तो बुके रात्री स्टेजवर फोटो निघेपर्यंत ताठ ठेवणं. म्हणून या लेखात बांधण्याइतकंच पाण्याबद्दल, गोणपाटाबद्दल आणि फ्रीजबद्दल लिहिलं आहे. घरच्या फुलांची फजिती होते ती बहुतेक वेळा गाठ सुटल्यानं नाही, पाणी कमी पडल्यानं.

### 1. घरी काय करायचं ते आधी ठरवा

वरमाला, स्टेज आणि गाडी फुलवाल्याकडंच राहू द्या. एकेका वरमालेला दोन मीटरपर्यंत ओवण लागतं. दोन्ही हार सारख्या जाडीचे आणि सारख्या वजनाचे यावे लागतात, आणि ते पहिल्याच खेपेला जमत नाही. घरी होण्यासारख्या वस्तू तीन: रिसेप्शनला नवरीच्या हातात द्यायचा बुके, नवरदेव-मामा-व्याही यांच्या कोटाला लावायची फुलं आणि कलवऱ्या-मावश्यांच्या मनगटाचे गजरे.

पुढचा सगळा हिशोब 1 बुके, 8 कोटाची फुलं आणि 6 मनगटाचे गजरे असा धरला आहे. दोन माणसांना आदल्या संध्याकाळचे चार तास आणि लग्नाच्या सकाळचा दीड तास पुरतो. त्या दोघांवर दुसरं काम टाकू नका. रुखवत मांडणारी आणि फुलं बांधणारी बाई एकच असली की दोन्ही कामं अर्धवट राहतात.

आठ-दहा दिवस आधी एक जुडी आणून तालीम करा. तालमीचा बुके कूलर नसलेल्या खोलीत ठेवा आणि किती तासांनी मान टाकतो ते पाहा. तुमच्या घरासाठी तोच खरा अंदाज.

### 2. फुलं निवडताना ऋतूशी भांडू नका

तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांना काळजी नाही. शेवंती, अ‍ॅस्टर, गुलाब, निशिगंध सगळं मिळतं आणि टिकतंही. एप्रिल-मे मध्ये मात्र निवड करावी लागते.

डच गुलाब. पॉलिहाऊसमधलं लांब दांड्याचं फूल, 20 फुलांची जुडी. मराठवाड्यात येणारा बराच माल तळेगाव-मावळ भागातला, रात्रभर प्रवास करून आलेला असतो. घेताना फुलाच्या पाकळ्या नाही, बूड दाबून पाहा. देठाच्या वर, हिरव्या पाकळ्यांच्या लगेच वर बोटांनी हलकं दाबलं की घट्ट लागलं पाहिजे. मऊ लागलं तर ते फूल उद्या उघडून परवा गळणार. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, सुरकुतलेल्या असतात त्याला घाबरू नका, त्या आतल्या फुलाला सांभाळायलाच असतात. बांधताना काढून टाकायच्या.

कार्नेशन. हेही 20 चं. उन्हाळ्याच्या लग्नात नवशिक्यासाठी याहून भरवशाचं फूल नाही. दोन दिवस आधी आणलं तरी चालतं. त्याची एकच दुखरी नस आहे, ती पुढं आठव्या टप्प्यात.

निशिगंध. काडीवरची फुलं खालून वर उमलत जातात. खालची दोन-तीन उमललेली आणि वरच्या कळ्या बंद अशी काडी घ्या. सुटी फुलं कोटाच्या गुच्छात सुरेख बसतात, तारेला धरतात आणि वासही देतात.

मोगरा. याचा हंगामच उन्हाळा. पण मोगरा पाण्यात ठेवून टिकत नाही आणि संध्याकाळी उमलला की सकाळपर्यंत तपकिरी पडतो. लग्नाच्या दिवशीच पहाटेच्या बंद, टपोऱ्या, पांढऱ्या कळ्या आणायच्या. हिरवट कळी उमलत नाही.

जरबेरा दिसतो छान, पण त्याचा देठ पोकळ आणि लवदार असतो. जास्त पाण्यात कुजतो, कमी पाण्यात मान मोडतो. पहिल्या बुकेत घेऊ नका. घेतलाच तर बादलीत पाणी फक्त 5 ते 7 सेंटिमीटर ठेवा.

भरायला जिप्सी (बारीक पांढऱ्या फुलांच्या काड्या) आणि कामिनीचा पाला. कामिनी पुष्कळांच्या अंगणात असते. कडुनिंब किंवा तुळस बुकेत घालू नका, तासाभरात लोळतात. कण्हेर तर घरात आणूच नका, पिवळी असो की लाल. तिचं पान, फूल, चीक सगळं विषारी, आणि लग्नघरात त्याच हातांनी कुणीतरी लाडू वळायला बसतं. लिली घेतली तर फूल उमलताच आतले केसर चिमटीनं काढून टाका. परागाचा डाग पैठणीवर पडला तर ओल्या कापडानं पुसू नका, पसरतो. चिकटपट्टी हलकी दाबून उचला.

### 3. किती आणायचं

बुकेला 15 गुलाब आणि 10 कार्नेशन. कोटाला 8 गुलाब. मनगटाच्या गजऱ्यावर प्रत्येकी एक, म्हणजे 6. एकूण 29 गुलाब झाले, तेव्हा दोन जुड्या घ्या, 40 होतील. उरलेले 11 उधळपट्टी वाटतील, पण प्रवासात तीन-चार मान मोडून येतात, दोन-तीन तार घालताना फाटतात, आणि नवरदेवाचं फूल दोनदा करायचं असतं (का ते पुढं). कार्नेशनची एक जुडी, जिप्सीची एक, निशिगंधाच्या 10 काड्या, कामिनी दोन मुठी. मोगऱ्याच्या कळ्या पाव किलो. त्यातल्या चिरडलेल्या आणि उमललेल्या वजा जाऊन सहा गजरे आरामात होतात.

दाट तिथी असेल तर फुलवाल्याला किमान आठ दिवस आधी सांगा आणि रंगाबरोबर "चालणार नाही तो रंग"ही सांगा. लाल नाही मिळाला तर काय द्यायचं हे त्यानं ठरवलं की गडद गुलाबी येतो, आणि लाल शालूवर तो भांडतो. बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत असतील तर पांढऱ्या कार्नेशनमध्ये फिका गुलाबी किंवा पिवळा घाला. पांढऱ्यावर पांढरा बुके फोटोत दिसतच नाही.

### 4. सामान

- सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) किंवा धारदार चाकू. घरची कात्री देठ चिरडते, आणि चिरडलेला देठ पाणी ओढत नाही.
- तीन-चार बादल्या, साबणानं घासून दोनदा खळखळलेल्या.
- फुलांची हिरवी टेप, 12 मिलिमीटर रुंद. बुकेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. दिसायला कागदी वाटते, ताणली की चिकटते. सेलोटेप चालणार नाही, ओल्या देठावर ती सुटते.
- 22 गेजची जाड तार गुलाबासाठी, 26 गेजची बारीक तार पानं आणि निशिगंधासाठी. हिरवा मुलामा दिलेली मिळाली तर उत्तम. बांधकामाची काळी तार नको, गंजाचा डाग पांढऱ्या कपड्यावर उतरतो.
- जाड सुती दोरा, पाऊण ते एक इंच रुंदीची सॅटिन रिबन 2 मीटर, मोत्याच्या डोक्याच्या टाचण्या, सेफ्टी पिना.
- मिठाईचे रिकामे डबे, टिश्यू पेपर, जुनी वर्तमानपत्रं, दोन गोणपाटं.

ग्लू गन असेल तर बाजूला ठेवा. गरम गोंदानं पाकळी भाजते, तो डाग तासाभरानं दिसतो, आणि तोवर फूल कोटावर गेलेलं असतं.

### 5. फुलांना पाणी पाजा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि घाईत नेमका हाच गाळला जातो.

फुलं लग्नाच्या आदल्या सकाळी हातात आली पाहिजेत. खोका उघडला की आधी पाण्याखाली जाणारी सगळी पानं काढा. पाण्यात राहिलेलं पान कुजतं आणि त्याचा गाळ देठाचं तोंड बंद करतो. काटे जाड फडक्यानं धरून ओढून काढा. चाकूनं खरवडले तर साल निघते आणि तिथून देठ सुकतो.

मग प्रत्येक देठ खालून दोन-तीन सेंटिमीटर तिरका कापा आणि लगेच पाण्यात टाका. कापून ताटात रचून ठेवू नका. उघड्या तोंडात हवा शिरते, देठात बुडबुडा अडकतो आणि पाण्यात उभं असूनही फूल तहानलेलं राहतं. गुलाब मान टाकतो त्यामागं बहुतेक वेळा हेच असतं.

पाणी बोअरचं वापरू नका. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी इतकं क्षारी असतं की भांड्यावर पांढरी पुटं चढतात, आणि तसं पाणी फुलं नीट ओढत नाहीत. पिण्याचं जारचं पाणी घ्या, 20 लिटरचा एक जार पुरतो. साखर, गोळी, काही घालू नका. एका रात्रीला स्वच्छ पाणी पुरेसं आहे, आणि नुसती साखर घातली तर फुलांआधी जंतूच ती खातात.

फुलं किमान पाच तास, गळ्यापर्यंतच्या पाण्यात, घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या आणि गार खोलीत उभी करा. बादलीभोवती भिजवलेलं गोणपाट गुंडाळा आणि दर दोन तासांनी त्यावर पाणी शिंपडा. आपली हवा कोरडी असल्यामुळं ही युक्ती इथं फार छान चालते, माठ गार राहतो तसंच. कूलर चालू ठेवा, खिडकी थोडी किलकिली ठेवा, पण कूलरचा झोत थेट फुलांवर नको. गार वारा असला तरी वाराच तो, पाकळ्या सुकवतो. पंखा तर बंदच ठेवा.

मान टाकलेला गुलाब फेकू नका. पुन्हा कापा, डोक्यासकट वर्तमानपत्रात सरळ गुंडाळा आणि कोमट पाण्यात तासभर उभा ठेवा. बरेचसे सावरतात.

### 6. बुके बांधणं

संध्याकाळी सहानंतर बसा. टेबलावर फुलं प्रकाराप्रमाणं वेगळी मांडा. बांधायच्या जागेखाली एकही पान देठावर राहू देऊ नका.

सगळ्यात सरळ, मोठं गुलाबाचं फूल डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत धरा. धरण्याची जागा फुलाच्या डोक्यापासून साधारण एक वीत खाली. दुसरं फूल त्यावर तिरकं ठेवा, डोकं डावीकडं आणि देठाचं टोक उजवीकडं. तिसरंही तसंच, त्याच तिरकसपणानं. मग अख्खी जुडी हातात थोडी फिरवा आणि पुढचं ठेवा. गुलाब, कार्नेशन, जिप्सीची काडी, पुन्हा गुलाब. प्रत्येक देठ एकाच दिशेनं कलला पाहिजे. पसाभर गवताची पेंढी मधोमध पिळली की खालीवर जशी उमलते, तसा आकार येतो.

एखादा देठ उलट दिशेनं गेला की बाकीचे त्यावर आडवे दाबले जातात. दोरा आवळताना तोच मोडतो, आणि नेमकं मधलं फूल खाली बसतं. तसं झालं तर ओढाताण न करता शेवटची तीन-चार फुलं काढून पुन्हा लावा.

मधली फुलं किंचित उंच, कडेची थोडी खाली. पंधरा गुलाब आणि दहा कार्नेशनचा बुके या कडेपासून त्या कडेपर्यंत 22-25 सेंटिमीटर होतो. नवरीच्या हातात चुडा, मेंदी, शालू इतकं असतं की याहून मोठा बुके सगळं झाकून टाकतो. शेवटी कडेनं कामिनीची कॉलर द्या आणि धरलेल्या जागी सुती दोऱ्याचे चार-पाच घट्ट वेढे घेऊन गाठ मारा. देठ एका पातळीत कापून बुके टेबलावर सोडा. स्वतःच्या पायावर उभा राहिला तर देठांचा पीळ बरोबर पडला असं समजा.

रिबन आत्ता गुंडाळायची नाही. बुके पाण्यातच रात्र काढणार. रिबन लग्नाच्या दिवशी, देठ पुसून, खालचे चार सेंटिमीटर उघडे ठेवून गुंडाळा आणि टाचण्या वरच्या दिशेनं, देठांच्या आत जातील अशा खोचा. आडवी खोचलेली टाचणी दुसऱ्या बाजूनं बाहेर येते आणि नवरीच्या तळव्यात शिरते.

### 7. कोटाचं फूल

अर्धवट उमललेला गुलाब घ्या. पूर्ण उमललेलं फूल संध्याकाळी व्याहीभेटीतल्या मिठ्यांत टिकत नाही.

देठ फुलाखाली तीन सेंटिमीटर ठेवून कापा. फुलाच्या बुडाशी जी हिरवी गाठ असते तिच्यातून 22 गेजची तार आडवी आरपार घाला, तारेची लांबी वीतभर. दोन्ही टोकं खाली वाकवून देठाला समांतर आणा. आता टेप. टेपचं टोक गाठीच्या लगेच खाली दाबा, उजव्या हातानं टेप तिरकी ताणून धरा आणि डाव्या हातानं फूल गोल फिरवा. टेप फिरवायची नाही, फूल फिरवायचं. ताणल्यावर टेपचा रंग किंचित फिका पडतो आणि बोटाला मेणासारखी लागते, तेव्हाच ती धरते. उन्हात ठेवलेली टेप चिकट लगदा होते, म्हणून ती सावलीतच ठेवा.

मागं गुलाबाचं किंवा कामिनीचं एक पान, पुढं जिप्सीची बारीक काडी आणि निशिगंधाची दोन फुलं. निशिगंधाच्या नळीतून 26 गेजची तार वरून खाली घाला, वरच्या टोकाला अगदी छोटा आकडा करून तो फुलाच्या आत ओढून घ्या. सगळं एकत्र टेपनं गुंडाळून खालचं शेपूट पाच-सहा सेंटिमीटरवर कापा. तारेचं टोक टेपमध्ये पूर्ण झाकलं गेलं का ते गालावर फिरवून पाहा. बोटांना न जाणवणारं टोक गालाला जाणवतं.

नवरदेवासाठी दोन करा. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघतो तो भर उन्हात, डोक्यावर फेटा, अंगावर जाड शेरवानी आणि भोवती नाचणारे मित्र. पहिलं फूल मारुतीच्या देवळापर्यंतच पुरतं. दुसरं डब्यात राखून ठेवायचं आणि अक्षता पडल्यावर लावायचं.

### 8. रात्रीची राखण

कोटाची फुलं ओल्या टिश्यूवर, एकमेकांना न खेटता, झाकणाच्या डब्यात. टिश्यू पिळून घ्या, पाणी साचू नये. जिप्सीवर पाणी फवारू नका, ओली झाली की काळपट पडते. डबा फ्रीजच्या मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून लांब. भिंतीला टेकलेली पाकळी गोठते आणि सकाळी काचेसारखी दिसते.

आता ती दुखरी नस. मे महिना म्हणजे घरात आंबे, कुठं गवताच्या पेंढ्यांत आढी घातलेली, कुठं फ्रीजमध्ये पाटी. पिकणाऱ्या आंब्यातून आणि केळ्यातून इथिलीन वायू निघतो. आंबा त्यानंच पिकतो, आणि कार्नेशन त्यानंच मिटतं. पाकळ्या आत वळतात, फूल झोपल्यासारखं दिसतं आणि परत उघडत नाही. निशिगंधाच्या कळ्याही गळतात. म्हणून फुलं ठेवायच्या फ्रीजमधली सगळी फळं आदल्या सकाळीच काढा, फ्रीज पुसून घ्या, आणि बादल्या आढीच्या खोलीत चुकूनही ठेवू नका. फळं हलवायला जागा नसेल तर फुलंच शेजारच्यांकडं ठेवा.

### 9. मनगटाचे गजरे, लग्नाच्या सकाळी

मनगट 16 ते 18 सेंटिमीटर भरतं. दोऱ्यावर चार-चार कळ्या घ्या, दोन इकडं तोंड केलेल्या, दोन तिकडं, देठ मधे. एक वेढा आणि एक फास, असं पुढं जायचं. एका गजऱ्याला साधारण 70-80 कळ्या लागतात. दोन्ही टोकांना वीतभर दोरा मोकळा ठेवा. मधोमध तार-टेप केलेला एक गुलाब 26 गेजच्या तारेनं बांधा आणि तारेचं टोक गजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला वळवा, कातडीकडं नाही.

गजरे केळीच्या पानात गुंडाळून ओल्या मलमलीत ठेवा. अर्धापूर-वसमतकडं पान सहज मिळतं, इतरत्र धुतलेली पातळ सुती ओढणी चालते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले तर आत वाफ धरते आणि कळ्या दुपारीच पिवळ्या पडतात.

नवरीला मनगटाचा गजरा करू नका. हिरव्या चुड्यात तो अडकतो आणि पहिल्याच विधीत फाटतो. तिला अंबाड्यावरच शोभतो. नऊवारी किंवा पैठणी नेसलेल्या मावशीला खांद्यावर फूल हवं असेल तर पदराला आधीच लावलेल्या पिनेतच ते अडकवा. रेशमाला नवं भोक नको, आणि फुलामागं टिश्यूची छोटी घडी ठेवा, ओल रेशमात उतरत नाही.

### 10. कार्यालयापर्यंत

बुके उंच डब्यात, डब्यात रिबनला टेकणार नाही इतकं पाणी, डबा गाडीच्या पुढच्या सीटमागं खाली जमिनीवर, दोन्ही बाजूंनी उशा. डॅशबोर्डवर आणि मागच्या काचेखाली ठेवलेलं फूल वीस मिनिटांत शिजतं. लांबच्या गावाला जायचं असेल तर थर्माकोलचा खोका आणि त्यात बर्फ केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. बाटली फुलाला टेकता कामा नये.

कार्यालयात पोहोचताच बुके वधूपक्षाच्या खोलीत, पाण्यात, आणि त्याच्यावर एका कलवरीचं नाव लावून टाका. विधींमध्ये नवरीचे हात मोकळे लागतात, तेव्हा बुके स्टेजवर येतो तो रिसेप्शनलाच. तोवर तो खुर्चीवर पडून राहिला की कुणीतरी त्यावर बसतं.

कोटाचं फूल डाव्या छातीवर, देठ खाली. शेरवानीला किंवा जोधपुरीला कॉलरचं काज नसतं, म्हणून कापडाच्या आतून पिन घ्या, देठावरून आडवी काढा आणि पुन्हा आत न्या. एकच पिन लावली तर फूल उलटं लोंबतं. दोन लावा.

### 11. दुसऱ्या दिवशी

बुकेचा दोरा सोडा, गुलाब वेगळे करा आणि अंधाऱ्या कोरड्या खोलीत उलटे टांगा. आपल्या उन्हाळ्यात आठवड्यात वाळतात. बाकीची फुलं खड्ड्यात टाकायच्या आधी तारा, टाचण्या, पिना काढून मोजा. आठ कोटाच्या फुलांच्या आठ जाड तारा, नवरदेवाची जादा एक, गजऱ्यांच्या सहा, शिवाय निशिगंधाच्या बारीक. कार्यालयामागच्या उकिरड्यावर शेळ्या-गाई येतातच, आणि तारेसकट गिळलेलं फूल जनावराच्या पोटात टोचत राहतं.